संत्र्याचा डोळा

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या त्या सरकारी ऑफिसात माझं टेबल खिडकीजवळ होतं, पण खिडकीतून दिसायची ती फक्त शेजारच्या गोदामाची भिंत. दुपार कलली की ऊन त्या भिंतीवरून हळूहळू खाली उतरायचं. भिंत आधी पिवळी व्हायची, मग केशरी, मग राखेच्या रंगाची. तिच्याकडे बघत मी हिंदीतली पत्रं टाइप करायची. 'उपरोक्त विषयान्तर्गत निवेदन है कि' एवढं उमटेपर्यंत मी कुठेतरी निघून गेलेली असायची आणि परत यायची तेव्हा पान संपत आलेलं असायचं. मधल्या वेळात बोटं आपली आपली चालत. चुका क्वचितच निघत, त्यामुळे आमचे हेडक्लार्क, बडे बाबू, माझ्यावर खूश होते. मी कुठे जाऊन येते हे त्यांना कधी कळलं नाही. मलाही ते नीट सांगता आलं नसतं.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. मी बी.एस्सी. झाले होते, हिंदी टायपिंगची परीक्षा पास होते, आणि लग्नाआधीच नोकरीत पक्की झाले होते. 'पक्की' हा आमच्या मोहल्ल्यातला फार मोठा शब्द होता. बायका आईला विचारायच्या, "पोरगी पक्की झाली म्हनते?" आणि आई मान हलवून हो म्हणायची, पण हळूच, दृष्ट लागू नये म्हणून. बाबा रेल्वेतून रिटायर झाले होते. त्यांची बरीचशी नोकरी जवळच्या तिगावच्या स्टेशनावर गेली होती. घरात आम्ही तिघंच. पेन्शन आणि माझा पगार मिळून घर चांगलं चालायचं, आणि मला दुसरं काही हवं आहे असं मलाही वाटत नव्हतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मावशीनं सौंसरला बोलावलं होतं. बसमधून उतरले तेव्हा थंडी होती, आणि गावाबाहेरच्या बगिच्यांमध्ये संत्र्याच्या झाडांना आंबिया बहाराची पहिली फुलं येऊ लागली होती. तो वास मला लहानपणापासून माहीत होता. तरी त्या दिवशी तो जरा जास्तच गोड लागला की काय, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मावशीला अंगणात लावायला लिंबाचं रोप हवं होतं, म्हणून ती मला रामाकोन्याच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीत घेऊन गेली.

नर्सरी एका विधवा बाईंची होती. वय पन्नाशीच्या पुढे. सगळे त्यांना काकू म्हणत, मीही तेच म्हणू लागले. यजमान गेल्यावर दिरांनी शेत वाटून घेतलं, तेव्हा काकूंनी विहिरीजवळचा हा तुकडा मागून घेतला आणि संत्र्याची कलमं करून विकायला सुरुवात केली, असं मावशीनं वाटेत सांगितलं होतं. आम्ही गेलो तेव्हा त्या जमिनीवर पोतं टाकून बसल्या होत्या. समोर जंबेरीच्या रोपांची लांब ओळ. जंबेरी म्हणजे आंबट, जाड सालीचं रानटी लिंबू. त्याचं मूळ चिवट, म्हणून त्याच्या खोडावर संत्र्याचं कलम बांधतात. काकू खोडावर वीतभर उंचीवर चाकूनं चीर द्यायच्या, साल किंचित उचलायच्या, आणि चांगल्या संत्र्याच्या काडीवरून काढलेला बारीकसा कोंब, ज्याला डोळा म्हणतात, तो त्या सालीच्या आत सरकवून वरून पट्टी गुंडाळायच्या. ते काम मी कॉलेजच्या पुस्तकातल्या आकृतीत पाहिलं होतं. पण आकृतीत ओलसर हिरवा वास नसतो, आणि साल खोडापासून सुटताना येणारा तो अगदी बारीक आवाजही नसतो.

त्यांच्या बोटांचे सांधे सुजलेले होते. पट्टीची गाठ मारताना त्या थांबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जराशी पट्टी धर व बाई."

मी खाली बसले. पट्टी धरली. मग आणखी एक धरली. मावशी विहिरीपाशी कुणाशी तरी बोलत राहिली. थोड्या वेळानं काकूंनी चाकू माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "एक करून पाह्य." माझी चीर वाकडी गेली. पहिला डोळा मातीत पडला, दुसरा बसला. त्यावर पट्टी गुंडाळताना मी श्वास धरून ठेवला होता, हे गाठ मारल्यावर लक्षात आलं.

मागच्या बाजूनं छोट्या लाईनची, नॅरोगेजची गाडी शिट्टी देत गेली. सूर्य खाली आला होता. आम्ही दुपारी आलो होतो, आणि दिवस मला न कळता सरकला होता. ऑफिसातही मला वेळ कळत नसे, पण तिथे मी हजर नसे म्हणून कळत नसे. इथे मी त्या रोपासमोर पूर्ण बसलेली होते. हा फरक मला त्या वेळी शब्दात सांगता आला नसता. परतीच्या बसमध्ये नखांत अडकलेली माती बघत राहिले आणि ती धुवावीशी वाटली नाही, एवढंच.

फेब्रुवारीच्या शेवटी एका रविवारी काहीतरी निमित्त काढून मी पुन्हा सौंसरला गेले. काकूंनी मला ओळखलं. ओळीतल्या माझ्या रोपापाशी नेलं आणि पट्टी सोडायला सांगितली. आत डोळा हिरवागार होता, टम्म.

"लागला तुया डोळा," काकू म्हणाल्या, आणि पुढच्या रोपाकडे वळल्या. त्यांच्यासाठी ती रोजची गोष्ट होती. मी मात्र तिथेच उकिडवी बसून राहिले. तांदळाच्या कणीएवढी ती हिरवी गोष्ट झाडाच्या अंगात झोपली होती आणि आता तिला जाग येणार होती. मी केलेल्या कामातून काही जिवंत निघालेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

त्यानंतर मी बहुतेक रविवारी जायला लागले. आईला वाटायचं, मावशीकडे करमतं पोरीला. उन्हाळ्यात पाणी देणं असायचं, पावसाळ्यात निंदण आणि विक्री. दूरदूरचे शेतकरी बैलगाड्या घेऊन कलमं न्यायला यायचे, आणि ओल्या पोत्यात बांधलेली ती झाडं गाडीतून हलत हलत दिसेनाशी झाली की मला उगाच भरून यायचं. काकू फार बोलायच्या नाहीत. कुठल्या झाडाची काडी घ्यायची आणि कुठल्याची नाही, एवढं बोलायच्या. मग गप्प. त्या गप्प बसण्यात मी आठवडाभराचा थकवा सोडून द्यायची.

त्याच वर्षी दसऱ्याला माझं लग्न जमलं. मुलगा सौंसरचाच, खासगी शाळेत गणित शिकवायचा. बघायला आले तेव्हा त्याच्या वडिलांनी पहिला प्रश्न विचारला तो नोकरी पक्की आहे ना, आणि दुसरा, सौंसरला बदली होऊ शकते ना. दोन्हीचं उत्तर होकारार्थी होतं. मुलगा मला आवडला. चहाचा कप त्यानं स्वतः उचलून आत नेऊन ठेवला होता, आणि जाताना बाबांना वाकून नमस्कार करताना त्याच्या खिशातला खडू खाली पडला, तेव्हा तो लाजला होता. लग्न उन्हाळ्यात करायचं ठरलं.

आणि दिवाळीनंतरच्या रविवारी काकूंनी मला विचारलं. डोळे बांधायचा हंगाम समोर होता. त्यांच्या बोटांनी आता चाकू धरवत नव्हता. त्या म्हणाल्या की बांधणारे मजूर मिळतात, पण ओळ न ओळ बघणारं माणूस मिळत नाही. तू इथेच ये. पगार देईन, पण ऑफिसाएवढा माझ्याच्यानं होणार नाही. निम्म्याहून थोडा जास्त होईल, तोही चांगल्या वर्षी. पुढे त्यांनी एक वाक्य जोडलं. "नाही म्हटलं तरी रविवारी येजो."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्या रात्री पांढुर्ण्याला परतल्यावर आईला सांगितलं. तिचा हात पोळपाटावर थांबला. तिनं रागावून काही म्हटलं नाही. तिला ती थट्टा वाटली, आणि थट्टा नाही हे कळल्यावर ती इतकी गप्प झाली की त्यापेक्षा तिचं रागावणं परवडलं असतं. दोन दिवसांनी तिनं एवढंच विचारलं की सासरच्या माणसांना काय सांगणार. बाबांनी ऐकलं आणि पेपर वाचत राहिले.

मग सुरू झालं ते सगळं धुक्यातून चालल्यासारखं होतं. ऑफिसात बसल्यावर वाटायचं, इथे काय वाईट आहे? पंखा आहे, पहिल्या तारखेचा पगार आहे, बडे बाबू आहेत जे मला बेटी म्हणतात. म्हातारपणी पेन्शन येईल. आणि रविवारी मातीत बसलं की हे सगळं दुसऱ्याच कुणाचं तरी वाटायचं. रात्री झोपताना मी दोन्ही बाजू मनात मांडायची आणि मधेच कधीतरी ती मांडणी विस्कटून जायची, समोर नुसत्या हिरव्या ओळी उरायच्या.

मास्तरांना, म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याला, सांगणं भाग होतं. डिसेंबरात एका रविवारी त्यांनी मला बसस्टँडवर सोडायला यायचं ठरवलं होतं. मावशीचा मुलगा मागे सायकल घेऊन, अंतर राखून येत होता. मी वाटेत सगळं सांगून टाकलं. काकू, नर्सरी, निम्मा पगार. ते चालता चालता थांबले.

"मी खोटं नाही सांगत तुम्हाला," ते म्हणाले. "आमच्या घरी तुमचा पगार धरूनच पुढचं सारं ठरून राहिलं आहे. बहिणीचं लग्न करायचं आहे. वर एक खोली काढायची आहे. मी त्यांना काय सांगू?"

मी म्हटलं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"मला भीती वाटते," ते म्हणाले. "आणि मला विचार करायला वेळ पाहिजे."

त्या उत्तराचं मला वाईट वाटलं, पण रागावता आलं नाही. भीती तर मलाही वाटत होती. बस सुटली. खिडकीतून मागे बघितलं तर ते तिथेच उभे होते, हात खिशात घालून. मला वाटलं, हे लग्न आता होत नाही.

पुढे काही आठवडे त्यांच्याकडून काहीच आलं नाही. आई देवासमोर जास्त वेळ बसू लागली. आणि एका सुट्टीच्या दिवशी बाबा सकाळीच मला म्हणाले, चल, तिगावले जाऊन येऊ. काय काम आहे विचारलं तर म्हणाले, काही नाही.

आम्ही पॅसेंजरनं गेलो. स्टेशनावरचे लोक बाबांना ओळखत होते. त्यांना चहा मिळाला, मलाही मिळाला. मग आम्ही प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या बाकावर जाऊन बसलो. पलीकडे कापूस वेचून झालेलं शेत होतं, पऱ्हाटीच्या काड्या उभ्या होत्या, आणि त्यांच्यावर कोवळं ऊन पडलं होतं. एक लांबलचक मालगाडी आली, डबे मोजता मोजता मी हरवून गेले, आणि ती गेल्यावर इतकं शांत झालं की कबुतरांच्या पंखांचा आवाज ऐकू आला. लहानपणी बाबांचा डबा घेऊन मी इथे यायची. तेव्हाही मला हीच वेळ आवडायची, गाडी गेल्यानंतरची.

बाबा रुळांकडे बघत होते.

"इतकी वर्षं या स्टेशनात काढली," ते म्हणाले. "मले कोनी इचारलं नाही का तुले हे आवडते का. मीबी कधी सोताले इचारलं नाही. तुले मी इचारून राहिलो."

मी म्हटलं, "ऑफिसचं काम वाईट नाही, बाबा. पण तिथं मी नसतेच. नर्सरीत मी असते."

"पेन्शन नाही भेटन."

"माहीत आहे."

"थो पोरगा नाही म्हनन."

"तेही माहीत आहे."

त्यांनी मान हलवली. उठले, धोतर झटकलं, आणि म्हणाले, "मंग तुया आईले मी सांगतो." एवढंच झालं. परतीच्या गाडीत ते झोपून गेले, त्यांचं डोकं खिडकीला टेकलेलं, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत पांढुर्ण्यापर्यंत आले. त्यांना काय आवडलं असतं, हे विचारायचं माझ्या लक्षात आलं नाही. नंतर विचारलं, तेव्हा ते हसले आणि आता काय आठवते म्हणाले.

पुढच्या रविवारी मी काकूंना होकार दिला. त्यांनी चाकू पुसला, माझ्यापुढे ठेवला आणि विहिरीकडे निघून गेल्या. त्या दिवशी मी खूप डोळे बांधले. ऊन मऊ होतं, शेजारच्या बगिच्यात बहार उघडत होता, आणि वाऱ्याची झुळूक आली की तो वास ओळीओळीतून फिरून जायचा. अर्धवट झोपेत माणूस जसं गाणं ऐकतो, तसं काहीसं. कुणीतरी बांधावर येऊन बसलं आहे, हे मला फार उशिरा दिसलं.

मास्तर होते. कधी आले ठाऊक नाही. काकूंनी त्यांना पाणी दिलं होतं, तांब्या शेजारी ठेवलेला होता. मी उठणार, तर त्यांनी हातानंच बस म्हटलं आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले. मग जवळ आले. त्यांनी आधी रोपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"एक वर्ष थांबता का?" ते म्हणाले. "बहिणीचं लग्न मी माझ्या दमावर करतो. शिकवण्या घेतो. ते एकदा झालं की तुमच्या पगाराबद्दल बोलायचा कोणाला हक्क राहणार नाही."

"आणि तुमचे वडील?"

"ते बोलून नाही राहिले माझ्याशी. बोलतील."

मी हो म्हटलं. इतक्या साध्या आवाजात म्हटलं की नंतर मला नवल वाटलं.

ऑफिसात राजीनामा दिला तेव्हा बडे बाबूंनी तो दोन दिवस टेबलाच्या खणात ठेवून दिला, मी परत घेईन म्हणून. सगळ्यांना वाटलं, होणाऱ्या सासरचे नोकरी नको म्हणत असतील. कुणीतरी मला धीरही दिला. मी काही खुलासा केला नाही. शेवटच्या दिवशी टाइपरायटरवर झाकण घातलं, आणि भिंतीवरचं ऊन उतरायच्या आधीच बाहेर पडले. रस्त्यावर इतका उजेड होता, की कामाच्या दिवशी दुपारी पांढुर्णं कसं दिसतं हे मी विसरले होते असं लक्षात आलं.

लग्नापर्यंत मी मावशीकडे राहिले. ते एक वर्ष थांबायचं होतं, त्याला दीड वर्ष लागलं. लोक आईला काय काय विचारायचे, ती काय उत्तर द्यायची, ते तिनं मला कधीच सांगितलं नाही. लग्न झालं. सासऱ्यांचं बोलणं हळूहळू सुरू झालं, आधी मुलाशी, मग माझ्याशी, आणि शेवटी एका पावसाळ्यात ते स्वतःच घरामागे लावायला संत्र्याची चार कलमं माझ्याकडून मागून घेऊन गेले. वरची खोली मात्र फार उशिरा निघाली. तोवर आम्ही दोघं, मग आम्ही आणि आमची मुलगी, बैठकीतल्या लाकडी पडदीआड राहिलो.

पश्चात्ताप झालाच नाही असं मी म्हणणार नाही. आईचं नागपूरला ऑपरेशन करायचं ठरलं, तेव्हा बाबांनी स्टेशनजवळचा छोटा प्लॉट विकला. माझा जुना पगार असता तर तो विकावा लागला नसता. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी पूर्ण रात्र त्या ऑफिसच्या खिडकीशी मनानं परत जाऊन बसले होते. आई बरी झाली. पण ते बसणं खरं होतं, आणि ते मी लपवत नाही. एका हिवाळ्यात रात्रीचं दव गोठून दहिवर पडलं आणि कोवळ्या डोळ्यांच्या ओळी सकाळी काळ्या पडलेल्या दिसल्या, त्या दिवशीही मी काकूंच्या शेजारी बसून रडले. काकू रडल्या नाहीत. म्हणाल्या, खालचा जंबेरीचा खुंट जिवंत आहे, पुन्हा बांधू. आम्ही पुन्हा बांधले. त्यातले बरेच लागले.

नव्वदच्या आसपास काकू गेल्या. जायच्या आधी त्यांनी नर्सरी चालवायला माझ्याकडे दिली आणि दिरांच्या मुलांना बोलावून तसं त्यांच्यासमोर सांगितलं. शेवटच्या दिवसांत त्या खाटेवर पडून असत, खाट आंब्याखाली ओढलेली, आणि मी काम करताना माझ्याकडे बघत असत. कधी डोळे मिटलेले, कधी उघडे. मी विचारायची, काही पाहिजे का, तर मान हलवून नाही म्हणत.

आता कधी नागपूरला जायला बसमध्ये बसते, तेव्हा सौंसर सुटलं की दोन्ही बाजूंना बगिचे सुरू होतात. जुनी झाडं, नवी झाडं. त्यात कुठली कलमं आमच्या नर्सरीतली आणि कुठली दुसरीकडची, हे आता मलाही ओळखता येत नाही. शेतकरी बदलले, बांध बदलले. मी खिडकीशी बसून नुसती बघत जाते. फेब्रुवारी असला आणि काच उघडी असली, तर वास आत येतो. शेजारची एखादी बाई म्हणते, काय बहार आला आहे यंदा. मी हो म्हणते, आणि बस पुढे जात राहते.